लोकेशचा बर्फ

जेवणं आटोपली होती. मूल गावातल्या घरी अंगणात बाजा टाकल्या होत्या आणि लाईट गेली होती. अजीम पडल्या पडल्या मोबाईलवर व्हिडिओ पाहत होता. पायांना लांब फळ्या बांधून माणसं पांढऱ्याशुभ्र उतारावरून सुसाट खाली येत होती. त्याची बहीण तहसीन शेजारून डोकावली.

"चाचा, एप्रिल महिन्यात बी इतका बर्फ राह्यते का हो?"

इब्राहीमचाचांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"राह्यते," ते म्हणाले. "बंद कर तो मोबाईल, अजीम."

त्याने बंद केला. अंगण एकदम काळं झालं. चाचांचं धानोऱ्याला दुकान आहे. जंगलात राहणारी माणसं मोहफूल, हिरडा, चारोळी वेचून आणतात, ते चाचा विकत घेतात. आयुष्य त्यात गेलं. बडबड करणारा माणूस नव्हे.

"चैतू हलामी तुमाले आठवते? मागच्या पावसाळ्यात इथी येऊन गेला. तोंडातून शब्द न काढनारा. त्याची गोष्ट हाय. ऐकीव नाई. अर्धी त्यानं मले सांगतली, अर्धी मी पाह्यली."

आणि चाचांनी सांगितलं ते असं.

गेल्या वर्षी चैत्राची पुनव शनिवारी आली होती. त्या दिवशी चैतू सुकवलेल्या मोहाचं गाठोडं सायकलला बांधून धानोऱ्याला निघाला. मोह दुकानात टाकायचा आणि मोबाईलला रिचार्ज मारून यायचं, एवढंच काम. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं.

चैतूचं गाव कोसमटोला. मुरुमगावच्या रस्त्याने जायचं आणि मधेच जंगलात वळायचं. मोजकी घरं, गोंडांची. गावात टॉवर येत नाही. पण चैतूच्या घरामागे एक टेकाड आहे, त्यावर त्याच्या आजाच्या वेळचं मोहाचं झाड आहे, आणि त्या झाडाखाली उभं राहिलं की मोबाईलला दोन काड्या भेटतात. सगळा गाव फोन करायला तिथेच चढतो.

लोकेश चैतूचा एकुलता मुलगा. आश्रमशाळेत होता तेव्हा धावण्यात त्याच्या पुढे कोणी नव्हतं. त्यातून डोंगर चढायच्या शिबिराला त्याची निवड झाली. गडचिरोलीचा पोरगा हिमालयात गेला, बर्फ पाहिला, आणि तिथलाच झाला. फळ्या बांधून घसरायला शिकला. पुढे उंचावरच्या एका रिसॉर्टमध्ये त्याला नोकरी लागली. झाडंसुद्धा जिथे विरळ होत जातात इतक्या उंचावर. हिवाळ्यात लोक तिथे बर्फावर घसरायला येतात. लोकेशचं काम गस्तीचं. पाहुणे वर जायच्या आधी आपण जायचं, बर्फ कसा आहे ते पाहायचं, कुठला उतार उघडा ठेवायचा आणि कुठला बंद करायचा ते ठरवायला मदत करायची. कोणी पडलं तर उचलून आणायचं.

रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. चैतू आणि त्याची बायको सुकरी टेकाडावर जाऊन बसलेले असायचे. लोकेश आधी बापाशी दोन शब्द बोलायचा, मग म्हणायचा, "मायले दे." आणि माय बोलली की विचारायचा, "आजचा बर्फ सांगू का?"

"सांग," सुकरी म्हणायची.

"सकाळी दगड होता माय. रातभर गोठते ना, मंग फळी टिकतच नाई, खरखर करते. ऊन लागलं का वरचा थर कणी होते. तांदळाची कणी, तशी. तवा घसराले लय मजा. अन् दुपारी त्याची आंबील होते. पाय टाकला का मांडीपर्यंत आत. तवा तो बर्फ कवा सुटन अन् खाली येईन, सांगता येत नाई. मंग आमी लाल दोरी लावतो. वर जानं बंद."

सुकरीने जन्मात गारांपलीकडे बर्फ पाहिला नव्हता. पण दगड, कणी आणि आंबील तिला पाठ झालं होतं. विहिरीवर बाया विचारायच्या, पोरगा कसा आहे. ती म्हणायची, "बरा हाय. काल त्याच्याकडे कणी होती."

त्या जागचा मोसम मार्चमध्ये संपतो. माणसं उतरतात, माणसांना उतारावर नेणारे तारेवरचे पाळणे बंद होतात, लोकेश गावाकडे येतो. गेल्या वर्षी मात्र बर्फ उशिरा पडला आणि पडतच राहिला. रिसॉर्टवाल्यांनी मोसम वाढवला. पाहुणे येत राहिले.

मार्चच्या अखेरीची दुपार. बर्फाची आंबील झाली होती, वर दोरी लागली होती. दोन हौशी पोरं दोरीखालून वाकून पलीकडे गेली. लोकेश त्यांना आणायला गेला. त्याने दोघांना कडेच्या खडकापर्यंत पोचवलं. आपण वळला... आणि वरून उतार तुटला.

ती दोन पोरं जगली. लोकेश दिसला नाही.

त्याच्या टोळीच्या म्होरक्याला तो उस्ताद म्हणायचा. उस्तादने माणसं लावली, कुत्री लावली, लांब सळ्या खुपसून शोधलं. त्याच रात्री वर नवा बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी आणखी. एक हातमोजा सापडला, बाकी काही नाही. उस्तादचा फोन आला, "बर्फ पिघलने दीजिए भाईसाहब. मिल जाएगा. मैं ढूँढना नहीं छोड़ूँगा."

तेव्हापासून कोसमटोल्याच्या त्या घरात दुसरी गोष्टच उरली नाही. धानोऱ्यात माणसं सावली शोधत होती, पाखरं चोच उघडी टाकून बसत होती, आणि चैतू रोज संध्याकाळी तापलेल्या टेकाडावर चढून विचारत होता की बर्फ किती उरला.

त्याची मुलगी रंजीता कॉलेजात शिकते. ती मोबाईलवर त्या रिसॉर्टचं पान काढायची. तिथे रोजच्या बर्फाची खबर असते. ती वाचून दाखवायची, "वरच्या उतारावर पुन्हा ताजा बर्फ. सकाळी कडक, नंतर मऊ, घसरायला उत्तम. एप्रिलमध्ये असा मोसम क्वचितच. लवकर या." खाली हसणाऱ्या माणसांचे फोटो. मागे उंच पांढरा उतार.

"मोठं कर," सुकरी म्हणायची.

रंजीता दोन बोटांनी फोटो मोठा करायची. माणसं पडद्याबाहेर जायची, नुसतं पांढरं उरायचं. सुकरी त्या पांढऱ्यावर बोट फिरवायची.

"यातच हाय का कुठी तो?"

रंजीता फोटो पुन्हा लहान करायची.

गावात विधी करणारे पोचूभाऊ दोनदा येऊन गेले. म्हणाले, "बाई, पोरगा भेटला नाई तरी करता येते. गवताचा पुतळा करू, माती देऊ, त्याच्या नावाचा दगड उभा करू. नाई तं जीव अधांतरी राह्यते त्याचा."

"त्याले तिथी थंडी वाजत असन," सुकरी म्हणाली, "अन् मी इथी दगड गाडू?"

ती रात्रीचं जेवेनाशी झाली. आंबील समोर ठेवली तर घोट-दोन घोट घ्यायची, बाकी सांडून टाकायची. दंडातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. चैतूला दिसत होतं की एक बर्फात गेला आणि दुसरी इथे उन्हात बसल्या बसल्या चालली आहे.

तर त्या शनिवारी तो चाचांच्या दुकानात पोचला. गाठोडं टाकलं, पाणी प्याला. चाचांनी नेहमीसारखं विचारलं,

"आज कसा हाय बर्फ?"

"गरमी लागली म्हनते तिकडे. दुपारी पानी सुटून राह्यलं."

"मंग चांगलं झालं ना बा."

"नाई भाऊ." चैतू ओट्याच्या कडेला बसला. "उस्ताद म्हनला, तिथी खाली नाला हाय. बर्फ खालून पोकळ होते. पानी जोरात आलं का त्यात जे असन ते नाल्यात जाते, अन् नाला नदीत. मंग हाडूक बी भेटनार नाई." तो थांबला. "इतके दिवस वितळो वितळो म्हनून राह्यलो होतो. आता गोठून राह्य म्हनतो. काय मागावं तेच समजत नाई."

चाचांनी मोह तोलून पैसे हातात दिले. उन्हं कलली. चाचा म्हणाले, "इथीच राह्य आजची रात. हत्ती फिरून राह्यले त्या रस्त्यानं."

"फोनची वेळ हाय," चैतू म्हणाला आणि सायकलवर बसला.

घरी पोचला तेव्हा सागाच्या शेंड्यांमागून चंद्र वर येत होता, तांबूस, मोठा. रंजीता अंगणात बाजेवर झोपली होती. तापलेल्या घरात झोपवत नव्हतं. सुकरी दाराशी गुडघ्यांत मान घालून बसली होती.

"जेवली?"

तिने मान हलवली, नाही.

चैतूने मोबाईल घेतला आणि टेकाड चढला.

मोह सरत आला होता. तरी त्या झाडाचं गळणं सुरू होतं. झाडाखालची जमीन त्यांनी मोसमाच्या आधी जाळून साफ केलेली, म्हणजे फुलं वेचायला दिसावीत. त्या काळ्या राखेवर पिवळट फुलं पडत होती. टप. मग थोड्या वेळाने, टप. गोड उग्र वास कोंडला होता. जमिनीतून वाफ येत होती.

त्याने उस्तादला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. चैतू बुंध्याला टेकून बसला. खाली गावात कोणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. थोड्या वेळाने पुन्हा लावू, असं त्याने ठरवलं.

बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की कुत्रं गप्प झालं आहे.

मग लक्षात आलं की फुलं पडायची थांबली आहेत.

पान हलत नव्हतं. रातकिडाही नव्हता.

मांडीवरचा मोबाईल उजळला.

चैतूला वाचता येत नाही. म्हणून रंजीताने प्रत्येकाच्या नंबरापुढे फोटो लावून ठेवले होते. पडद्यावर फोटो आला. डोक्यावर हेल्मेट. काळा चष्मा कपाळावर सरकवलेला. हसणारा चेहरा...

लोकेश.

तो मोबाईल लोकेशच्या खिशात होता. त्याच्याबरोबर बर्फात गेला होता. रंजीताने किती वेळा लावला असेल. कायम बंद.

वाजत होता. वाजतच राहिला.

चैतूने बटण दाबलं. कानाला लावला.

वारा. नुसता वारा. लांबून येणारा, रिकाम्या जागेतला...

"बा."

चैतूने मोबाईल कानाशी घट्ट दाबला.

"बा... माय कुठी हाय?"

"घरी... घरी हाय."

"तिले सांग ना... आजचा बर्फ."

वारा.

"वरून दगड हाय बा. लय कडक. अन् खालून... खालून पानी वाहून राह्यलं. मले आवाज येते."

"कुठी हायेस बाबू? कुठी हायेस तू?"

पुन्हा वारा. मग, थकलेल्या माणसाने एकेक शब्द उचलून ठेवावा तसं...

"ते दोरीखाली खोदून राह्यले. मी तिथी नाई... नाल्याच्या वरच्या अंगाले. मोडकं झाड हाय. पांढऱ्या सालीचं... त्याच्या बुडाशी."

"लोकेश..."

"थंडी वाजून राह्यली बा."

गेलेल्या माणसाला 'ये' म्हणू नये, हे चैतूला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून ऐकलेलं होतं. पण लेकरू थंडी वाजते म्हणतं तेव्हा बापाला काय आठवतं?

"ये," तो म्हणाला. "ये बाबू. घरी ये."

वारा थांबला.

फोन कटला नाही. वारा थांबला. आणि मग आवाज आला. पण फोनमधून नाही...

मागून. झाडाच्या पलीकडून.

सर्रर्र...

चाचा इथे थांबले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. तहसीनने पाय बाजेवर घेतले. चाचा पुढे बोलू लागले.

चैतूने मागे पाहिलं नाही. उठला. पायवाटेने उतरू लागला.

मागे आवाज. सर्रर्र... सावकाश.

तो थांबला. आवाज थांबला.

तो चालला. सर्रर्र...

मानेवर गारवा आला. मग पाठीवर. चांदण्यात त्याच्या तोंडातून वाफ निघाली, पांढरी. चैत्रात. त्याने ती पाहिली.

पळावंसं वाटलं नाही असं नाही. पाय तयार होते. पण मागे लेक होता. लेकापासून पळायचं कसं? उलट तो हळू झाला. दगड आला तिथे आणखी हळू. मागचा मागे राहू नये म्हणून.

घराचं दार सताड उघडं होतं. आत चूल धडधडून पेटलेली. सुकरीने घरातली होती नव्हती ती लाकडं आत घातली होती. जाळ मडक्यांपर्यंत चढला होता.

"कोनी सांगतलं तुले?" चैतूने विचारलं.

"कोनी नाई. माह्ये पाय गार पडले."

ती त्याच्याकडे पाहत नव्हती. त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होती.

"दारातून सरक," ती म्हणाली. "आत येऊ दे त्याले."

चैतू सरकला.

गार हवेचा एक झोत त्याच्या दंडाला घासून आत गेला.

सुकरी चुलीच्या एका बाजूला बसली. चैतू दुसऱ्या बाजूला बसला. मध्ये जागा राहिली. कोणी सांगितलं नव्हतं, पण दोघं तेवढी जागा सोडून बसले. सुकरीने पानाच्या द्रोणात आंबील ओतली आणि मधल्या जागेपुढे ठेवली.

मग थेंब पडू लागले.

मधल्या जागेतून. कशातूनच नाही. चुलीच्या तापल्या दगडावर... चुर्र.

थोडं थांबून... चुर्र.

काही तरी वितळत होतं.

बाहेर रंजीता कुडकुडत जागी झाली. चादर लपेटून घेतली तरी दात वाजत होते. तिने दारातून आत पाहिलं. माय आणि बा चुलीपाशी. मध्ये मोकळी जागा. आणि तेवढ्याच जागेतली जमीन ओली.

"माय?"

सुकरीने हात वर केला. गप्प.

रंजीता दारातच बसून राहिली.

सुकरी मधल्या जागेशी बोलत होती. हळू. तान्ह्या पोराशी बोलावं तसं. "शेक बाबू. सावकास शेक. घाई नाई." आणि लाकूड आत सारत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज कापत नव्हता. चैतूने एकदा हात पुढे केला. त्या जागेत बोटं गेली आणि बधिर झाली. त्याने हात मागे घेतला नाही. तसाच ठेवला.

कधी तरी थेंब पडायचे थांबले.

गावात कोंबडा आरवला. चुलीत निखारे उरले होते. घरात पुन्हा उकाडा भरू लागला होता, आणि चैतूची बोटं ऊब धरू लागली होती. सुकरीने तोंडावरून पदर फिरवला.

"फोन लाव," ती म्हणाली. "आना त्याले. मंग पोचूभाऊ म्हनते तसं करू."

आणि मधल्या जागेपुढचा द्रोण उचलून तिने ती आंबील स्वतः पिऊन टाकली. सगळी. कित्येक दिवसांनी.

चैतू अंधुक उजेडात धावतच टेकाडावर गेला. या वेळी उस्तादचा फोन लागला. चैतूने आपल्या मोडक्या हिंदीत झाड सांगितलं, नाला सांगितला, वरचं अंग सांगितलं.

पलीकडून उस्तादने विचारलं,

"भाईसाहब, आप यहाँ कभी आए हैं?"

"नहीं."

"वो पेड़ तो इस साल बर्फ के नीचे दबा है. ऊपर से किसी को दिखता ही नहीं. आपको किसने बताया?"

"लोकेश ने," चैतू म्हणाला.

उस्ताद म्हणाला, जाता हूँ.

दुपारी लोकेश सापडला. मोडक्या झाडाच्या बुडाशी, कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेला. खालचं पाणी त्याच्यापासून हातभर अंतरावर आलं होतं. उस्ताद म्हणाला, एक दिवस उशीर झाला असता तर नाला घेऊन गेला असता. मोबाईल आतल्या खिशात होता. मधोमध दुमडलेला, त्यात पाणी भरलेलं.

नागपूरपर्यंत विमानाने आणला. तिथून पुढे गाडीने. चाचा आणि चैतू दोघं नागपूरला गेले होते. रस्ताभर चैतू पेटीवर हात ठेवून बसला. गाडीवाल्याने विचारलं, एसी वाढवू का. चैतू म्हणाला, "बंद कर. लय थंडी काढली त्यानं." चाचांनी काच खाली केली. जंगलाची गरम हवा आत आली. तशीच ते कोसमटोल्यापर्यंत आले.

सारा गाव जमला. पोचूभाऊंनी सगळं रीतीने केलं. सुकरीने लोकेशच्या दोन्ही पायांचे तळवे हातांत धरले आणि ती ते सोडेना. बायांनी हळूच बोटं सोडवली. मग माती दिली. दगड उभा राहिला. संध्याकाळ होत आली तशी माणसं पांगली, चाचा तेवढे थांबले. अशा दिवशी चैतूला सोडून कुठे जायचं?

रंजीता बापाजवळ आली. "बा, टेकाडावर चल. तुले दाखवाचं हाय."

"काय?"

"त्या दिवशी पाहाटे मी मोह वेचाले गेली होती. तू फोन करून उतरला, त्याच्या मागून. मायनं मंग कोनाले पाय टाकू नाई दिला. गुरं येऊ नये म्हनून तिनं काट्या लावल्या."

खरंच घरामागून टेकाडापर्यंत दोन्ही बाजूंनी बोरीच्या काट्या टाकलेल्या होत्या, वाट आखल्यासारख्या. चैतू गेले काही दिवस घरी नव्हताच. आणि त्या पहाटे चढला होता तो नजर मोबाईलवर ठेवून.

तिघं वर गेले. मोहाखाली राखेवर फुलं पडून सुकली होती. कोणी वेचली नव्हती. त्या फुलांमधून दोन रेघा निघाल्या होत्या. फळीच्या रुंदीच्या, सरळ, एकमेकींच्या बरोबरीने. त्यात आलेलं प्रत्येक फूल चिरडून जमिनीला चिकटलं होतं आणि वाळून काळं पडलं होतं. रेघा झाडाच्या मागून आल्या होत्या. पालापाचोळ्यातून उतारावर आल्या होत्या. जिथे नुसता खडक होता तिथेही त्या तुटल्या नव्हत्या. खडकावर दोन फिक्या पट्ट्या होत्या, पाणी वाळून राहतं तशा.

चाचांनी वाकून एका पट्टीला बोट लावलं. मग बोट लुंगीला पुसलं.

चैतू रेघांच्या कडेकडेने उतरत घरापर्यंत गेला. आत सुकरीने चूल पेटवली होती. चैतू पुन्हा टेकाडावर चढला. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. झाडापलीकडे गेला, परत आला. काट्या उचलून उचलून खाली पाहू लागला. उजेड जात होता तरी त्याचं चाललंच होतं.

शेवटी चाचांनी विचारलं, "काय शोधून राह्यला चैतू?"

"परत गेल्याच्या रेघा."

चाचांनीही पाहिलं मग. रंजीतानेही पाहिलं. अंधार पडेपर्यंत तिघं पाहत होते.

त्या दोनच होत्या. टेकाडावरून उतरलेल्या, उंबऱ्यापर्यंत आलेल्या. वर जाणारी एकही नव्हती.